मसणाईच्या गडाची शेवटची पाने

गुढियारीच्या मराठी वस्तीत पद्मिनीबाईंच्या शब्दाबाहेर कुणी जात नसे. रायपूर राजधानी झाले, पंडरीच्या रस्त्यावर लाल दिव्यांच्या गाड्या धावू लागल्या, रेल्वेच्या जुन्या चाळींशेजारी चकचकीत इमारती उठल्या. परंतु महिला मंडळाच्या अध्यक्षांची खुर्ची होती तिथेच राहिली आणि तिच्यावर पद्मिनीबाईच राहिल्या. कुणाच्या डोहाळजेवणात काय वाढायचे इथपासून मंडळाच्या वाचनालयात कोणती पुस्तके ठेवायची इथपर्यंत सारे त्यांच्या तोंडून ठरे.

मागच्याच महिन्यात सभागृह मागायला आलेल्या मंडळींना त्यांनी दारातच उभे केले होते. मंडळी म्हणजे त्यांची स्वतःची नात स्नेहल, तिच्या कचेरीतला प्रशिक आणि या दोघांच्या पुढे, पांढऱ्या मिशांत हसू दडवीत, रेल्वेतून निवृत्त झालेले गार्ड यशवंतराव. तिघांनाही वेड एकच: दिगंबर सातफळे. वऱ्हाडात मास्तरकी करता करता या गृहस्थाने मेलेल्यांची राज्ये, हाडांचे दरबार आणि विहिरीच्या तळाशी भरणारे बाजार लिहून ठेवले होते. त्याची पुस्तके आता कुठेच मिळत नसत. म्हणून हे चाहते रविवारी कुणाच्या तरी गच्चीवर जमत, फाटक्या प्रतींतून एकेक प्रकरण मोठ्याने वाचत आणि पुढे काय झाले असेल यावरून हमरीतुमरीवर येत.

"मंडळाच्या सभागृहात भुताखेतांची पारायणे होणार नाहीत," पद्मिनीबाई म्हणाल्या.

"वहिनी, भुतं काही खात नाहीत. अन् चहा तर आम्ही घरूनच आणून राहिलो," यशवंतराव म्हणाले. पद्मिनीबाईंचे यजमान रेल्वेत त्यांचे वरिष्ठ होते, त्या नात्याने ते त्यांना वहिनी म्हणत.

पोरे खिदळली. ते हसणे पद्मिनीबाईंना झोंबले.

"यशवंतराव, तुमच्या गोवऱ्या मसणात गेल्या. आता तरी वयाला शोभेल असे वाचा."

हसणे थांबले. यशवंतराव क्षणभर त्यांच्याकडे पाहत राहिले. "हव वहिनी," एवढेच म्हणून त्यांनी पायात चपला सरकवल्या.

हे बोलणाऱ्या पद्मिनीबाईंच्या देवघरात त्या वेळीही लाल वस्त्रात बांधलेले दिगंबर सातफळे विराजमान होते.

त्याचे असे झाले होते. मंडळाच्या वाचनालयातून सातफळ्यांची पुस्तके काढून रद्दीत घालण्याचा हुकूम त्यांनीच एकेकाळी सोडला होता. रद्दीवाला दारात तराजू लावत असता, आत अशी काय घाण भरली आहे ते पाहावे, म्हणून त्यांनी वरचे पुस्तक उघडले. 'मसणाईचा गड'. मेलेल्या सैन्याकडून रोज मुजरा करून घेणारी एक म्हातारी राणी. गडाचे दार उघडले तर हे सारे आपल्याला सोडून जातील, या भयाने ती दाराला कधीच हात लावू देत नाही. चुलीवरचे दूध उतू गेले तेव्हा पद्मिनीबाई भानावर आल्या. बाकीची पुस्तके रद्दीत गेली. ते एक त्यांच्या पदराखाली घरात आले.

लपवायचे कुठे? सुनेच्या हातून घराचा कोपरा सुटत नसे. पण पारायणाच्या पोथीला सोवळ्याशिवाय कुणी शिवत नसे. तेव्हा पोथी कपाटात गेली आणि पोथीच्या लाल वस्त्रात मसणाई आली. दुपारी देवघराचे दार लोटून पद्मिनीबाई तिची पाने उलटीत आणि खूण म्हणून, हाताशी असे ती तुपातली फुलवात पानात ठेवीत. सकाळी सून राधिका त्या बासनाला हळदकुंकू वाहून नमस्कार करी. पद्मिनीबाई तेव्हा खिडकीबाहेर पाहत.

त्या मंगळवारी त्या मंडळाच्या बैठकीहून परतल्या, तर देवघरातला चौरंग रिकामा होता.

"राधिका! पोथी कुठे आहे?"

"प्रेमलाकाकू घेऊन गेल्या ना आई. यशवंतकाकांच्या हृदयाचं ऑपरेशन आहे आज दुपारी. उशाशी ठेवाले तुमची पोथी मागून राहिल्या होत्या. मी आंघोळ केलेली होती, म्हणून मीच उचलून दिली." सुनेच्या चेहऱ्यावर शाबासकीची वाट पाहणे होते. "बरोबर केलं ना?"

पद्मिनीबाईंनी आल्या पावली रिक्षा थांबवली.

रुग्णालयाच्या जिन्यावर त्यांना धाप लागली, पण त्या थांबल्या नाहीत. प्रेमलाने अजून गाठ सोडलेली नसेल, एवढीच आशा होती. ती वॉर्डाच्या दाराशीच संपली. पलंगावर लाल वस्त्र उलगडलेले होते. नवऱ्याला आत नेण्याआधी पोथीतला एक अध्याय कानावर पडावा, म्हणून प्रेमलाने आपल्या भावाला, हिरालालला वाचायला बसवले होते. हिरालालने हात जोडले, डोळे मिटले, डोळे उघडले आणि खणखणीत आवाजात वाचले होते, 'मेलेल्यांनी मुजरा केला, तेव्हा कुठे राणीला भूक लागली.'

"ताई!" प्रेमला रडत पुढे आली. "पाहा ना, हे काय निघालं पोथीतून! आज, अशा दिवशी! माझ्या माणसाच्या उशाशी मसण आणून ठेवलं. कोण्या मेल्यानं केलं हे?"

हिरालाल, शेजारच्या पलंगावरची माणसे, दाराशी थबकलेली नर्स, सारे पद्मिनीबाईंकडे पाहत होते. ज्या तोंडून आजवर निवाडे ऐकले, त्या तोंडून निवाडा ऐकायला सारे थांबले होते. आणि त्या तोंडाने निवाडा दिला.

"स्नेहलचे चाळे. दुसरे कोण करणार?"

 आवाज नेहमीचाच होता, भारदस्त. सर्वांचा त्यावर विश्वास बसला.

"पोट्टीले देवाधर्माचं काही हायच नाही," हिरालाल म्हणाला.

यशवंतराव उशीला टेकून पडले होते. पुस्तक त्यांच्या छातीवर होते आणि दोन बोटांत त्यांनी एक फुलवात धरली होती. वस्तीतल्या प्रत्येक देवघरात पद्मिनीबाईंनी वळलेल्या वाती जात. बारीक देठाची, वर कळीसारखी मिटलेली अशी वात दुसऱ्या कुणाला जमत नसे.

"वहिनी, जरा जवळ या."

त्या जवळ गेल्या. यशवंतरावांनी वात त्यांच्या तळहातावर ठेवली आणि त्यांची मूठ हलकेच मिटली. प्रेमलाला दिसणार नाही, अशा बेताने.

"मंडळाचा शिक्का आहे आत," ते हळू आवाजात म्हणाले. "किती वर्षं धुंडून राहिलो मी हे. माझ्या प्रतीची शेवटची पानं वाळवीनं खाल्ली. आमच्यात कोणालेच शेवट माहीत नाही. प्रशिक म्हणते ती दार उघडत नाही. स्नेहल म्हणते उघडते." त्यांनी श्वास घेतला. "आता चष्मा काढून घेतला माझा. सांगा ना वहिनी. उघडते का?"

स्ट्रेचर आले. प्रेमला उशाशी आली, हिरालाल पायथ्याशी. आता कानात कुजबुजायला जागा नव्हती. सांगायचे तर सर्वांदेखत सांगावे लागणार होते.

सांगायला एक वाक्य पुरले असते.

"मला काय ठाऊक त्यातले?" पद्मिनीबाई म्हणाल्या.

यशवंतरावांनी त्यांच्याकडे पाहिले. त्या दिवशी दारात पाहिले होते, तसेच. "हव वहिनी," ते म्हणाले, आणि स्ट्रेचरची चाके करकरत निघून गेली. ऑपरेशनच्या खोलीचे दार मिटले.

बाहेरच्या बाकावर पद्मिनीबाई ताठ बसल्या. मुठीतली वात घामाने भिजून तिचा लगदा झाला होता. हा माणूस आतून परत आला नाही तर? त्याने एवढेसे मागितले होते. पाण्याचा घोट मागावा, तसे. आणि आपण 'गोवऱ्या मसणात गेल्या' म्हटले तेव्हाही तो असाच उठून गेला होता.

कचेरीतून स्नेहल धावतपळत आली. प्रेमलाने तिला दम घेऊ दिला नाही.

"लाज नाही वाटली तुले? देवाच्या पोथीच्या जागी हे ठेवतं? काहून केलं असं? काही वाईट झालं तर जन्मात माफ करणार नाही मी!"

स्नेहलने हिरालालच्या हातातले पुस्तक पाहिले. तिने ते जवळजवळ हिसकावूनच घेतले. पाने उघडली, आणि पानापानांवर तेलकट, पिवळसर डाग दिसले. वातींचे. तिची नजर सावकाश आजीकडे वळली. पद्मिनीबाईंनी ती नजर टाळली.

"सॉरी काकू," स्नेहल हिंदीत म्हणाली. "गलती हो गई मुझसे."

ती बाकाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसली. रागावली असती तर बरे झाले असते. आजवर घरात कुणाची चूक कुणी अशी पदरात घेतलेली पद्मिनीबाईंनी पाहिली नव्हती. चूक कुणाची ते त्या सांगत, आणि ती त्याची होई.

त्या उभ्या राहिल्या. 

"प्रेमला, पोरीने काही केलेले नाही. ते पुस्तक माझे आहे. वाचनालयातून मी घेतले, पोथीच्या वस्त्रात मी गुंडाळले. मी वाचते ते. पुन्हापुन्हा वाचते."

प्रेमलाने पदराने डोळे पुसले. मग म्हणाली, "तुम्ही? त्यांना सगळ्यांदेखत गोवऱ्या म्हणणाऱ्या तुम्ही? त्या दिवशी ते जेवले नव्हते, ताई."

तिने तोंड फिरवले. त्यानंतर ती पद्मिनीबाईंशी बोलली ती थेट संध्याकाळी, तेही त्यांच्याकडे न पाहता. "शुद्धीवर आले. ठीक आहेत. तुमाले बोलावून राहिले."

काचेपलीकडे यशवंतराव नळ्यांच्या जाळ्यात पडले होते. पद्मिनीबाईंनी दार लोटले नाही, उघडेच ठेवले. बाहेर प्रेमला होती, हिरालाल होता, नात होती. साऱ्यांना ऐकू जाईल, एवढ्या आवाजात त्या म्हणाल्या, "उघडते."

यशवंतरावांच्या पापण्या हलल्या.

"स्वतःच्या हाताने उघडते. सैन्य मुजरा न करता बाहेर पडते. ती वाट पाहते, एखादा तरी मागे वळून पाहील म्हणून. कुणी पाहत नाही."

"अन् मग?"

"मग काही नाही. ती दारात उभी राहते." त्यांनी मागच्या उघड्या दाराकडे पाहिले. "तिथेच संपते."

"बस? हट्!" यशवंतराव पुटपुटले. मिशा थरथरल्या आणि टाके दुखल्याने चेहरा कळवळला. "मास्तरनं फसवलं राजेहो." मग डोळे मिटूनच, "रविवारी पोरायले वाचून दाखवा वहिनी. तुमच्या तोंडून."

"सभागृहात," पद्मिनीबाई म्हणाल्या. "चटया मी घालीन."

बाहेर येताना त्यांना वाटले, नात काहीतरी बोलेल. स्नेहलने लाल वस्त्राची नीट घडी केली होती. पुस्तक तिने स्वतःच्या पिशवीत टाकले होते.

"ये धो लेना आजी," तिने घडी आजीच्या हातात दिली. "पोथी बिना कपड़े के पड़ी होगी कहीं."

ती जिना उतरून गेली. मागोमाग पद्मिनीबाईही खाली फाटकाशी आल्या. सुनेने वाहिलेले हळदकुंकू वस्त्राच्या घडीतून पद्मिनीबाईंच्या तळहाताला लागले. ते पदराला पुसावे की कपाळाला लावावे, हे त्यांना सुचेना. रिक्षावाला "कहाँ चलना है, माताजी?" असे विचारीपर्यंत त्या हात तसाच उघडा धरून उभ्या होत्या.