सामाची बांगडी

सुदर्शनच्या कादंबरीत सामा नावाची सातवाहनकाळातली कुंभारीण होती. नाणेघाटाकडे गेलेला नवरा सुखरूप परतावा म्हणून ती लेण्याद्रीच्या पाण्याच्या टाक्यात बांगडी सोडते. सामाला आणि तिच्या या नवसालाही आपणच जन्म दिला, याचा त्याला मनातून अभिमान होता. दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत तसे लिहिण्यापूर्वी तो पुन्हा एकदा टाके पाहायला आला.

तिथे वाकून एक म्हातारी हिरवी बांगडी पाण्यात सोडत होती.

"आजी, हे कशासाठी?"

"नातू दुबईला गेलाय. सामाईला म्हणलं, नीट माघारी धाड."

सुदर्शन गोंधळला. "अहो, सामा खरी नाही. माझ्या पुस्तकातली आहे ती."

"आसंल की, भाऊ. नाव आमच्या हर्षालीनं पुस्तकातच वाचलं. पर बांगडी माजी आजीबी टाकायची. तवा तुमी कुठं व्हता?"

लहानपणी आईच्या कडेवरून त्याने असेच कुणाला वाकलेले पाहिले होते का? की हा भासही आता कादंबरीच पुरवत होती? प्रस्तावनेतले वाक्य तो मनात पुनःपुन्हा जुळवत राहिला. दर वेळी ते 'मी' या शब्दाशी येऊन अडखळत होते.