चौथा गड्डा

तक्ता लागला त्या दिवशी इनजाने बाजाराकडे फिरकायचं टाळलं. दुसऱ्या दिवशी मात्र टाळता येईना, कारण भाव घ्यायचा तिचा वारच होता.

हिवाळ्याची किमची, म्हणजे कोबीचं तिखट लोणचं, घालायचे दिवस आले की प्रांताच्या कचेरीला जनतेचा एकदम पुळका येतो. मग कांगवॉन प्रांतातल्या सगळ्या शहरांचा एक तक्ता छापून येतो. कोबी कुठे केवढ्याला, मुळा केवढ्याला, तिखट, खारवलेला जवळा, गॅस, घरभाडं, झालंच तर केस कापण्याचे दरसुद्धा. यंदा घरभाड्यात हाग्योंग सगळ्यात स्वस्त निघालं. त्यात काय नवल? खाणी बंद पडल्या, पोरं शहरात पळाली, निम्म्या खोल्यांना कुलपं. गाव ओस पडलं की भाडं उतरतंच, त्यासाठी तक्ता कशाला हवा? पण कोबीच्या रकान्यात हाग्योंगचं नाव सगळ्यात वर, तेही लाल अक्षरांत. गड्ड्याला चार हजार वॉन. छुनछन चौतीसशे, वोंजू तेहतीसशे. वर्तमानपत्राने मथळा दिला, 'सर्वात गरीब शहरात सर्वात महाग किमची'. मथळा लिहिणाऱ्याने हाग्योंगचा कोबी कधी डोळ्यांनी पाहिला नसेल. लिहिणाऱ्याचं जातं काय?

ते चार हजार लिहिले होते इनजाने. नगरपालिकेने भाव-पाहणीला नेमलेल्या बायकांपैकी ती एक. दर पंधरवड्याला हिरवं जाकीट चढवायचं, ठरलेल्या दुकानांत भाव विचारायचे, फोनमध्ये भरायचे. मानधन चहापाण्यापुरतं. पण त्या जाकिटाची ऐट वेगळीच. जन्मभर जिला लोक 'तोकसूची बायको' म्हणत आले, तिला जाकीट घातल्यावर 'इनजाबाई' म्हणत आणि मापं नीट धरत.

आज मात्र बाजाराच्या तोंडाशीच सुक्या मासळीवाल्याने तिला गाठलं.

"या, या, इनजाबाई! आपलं गाव जन्मात पहिल्यांदा कशात तरी पहिलं आलं. सगळी तुमची कृपा!"

"मी काय करू? सांगतील तो भाव लिहायचा, एवढंच माझं काम," इनजा म्हणाली.

"लिहा की. आमच्या बोंबलाचं काय लिहिणार ते आधी सांगा, म्हणजे दुकान बंद करून मोकळा होतो."

आजूबाजूच्या बायका हसल्या. त्यातली एक हसली नाही, आणि तिचं न हसणं इनजाला जास्त झोंबलं.

ती बाई म्हणजे जोंगसनची आजी. लग्न होऊन हाग्योंगला आली त्याला साठ वर्षं होऊन गेली, तरी बाजार तिला माहेरच्या गावाच्या नावानेच ओळखे. तिचा कोबी डोंगरावरचा, थंडीने गच्च आवळलेला. तिच्या गाळ्यामागे ताडपत्रीखाली गड्ड्यांचा ढीग रचलेला होता. तो महिला मंडळाचा माल. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांसाठी मंडळ दर हिवाळ्याला किमची घालतं, आणि तीनशे गड्डे आजीकडूनच जातात. आजीचा अख्खा हिवाळा त्या तीनशे गड्ड्यांवर.

"विचार," आजी म्हणाली.

"कोबी कसा, आजी?"

"तीन गड्ड्यांची जाळी, बारा हजार. सरकारी माणसाला खोटा भाव सांगायची नाही मी."

इनजाने फोनमध्ये चार हजार भरले. मग नेहमीसारखी घरासाठी एक जाळी घेतली, पैसे दिले. आजीने तीन गड्डे जाळीत टाकले, आणि मग, जणू कुणाचा तरी चुकून राहिला असावा तसा, चौथा उचलला. "हा कुणाचा पडलाय इथे? ने तू." तो जाळीत गेला. वर मुळ्याचा पाला.

हे वरचं घालणं आजीचं आजचं नव्हतं आणि इनजापुरतंही नव्हतं. जाळी घेणाऱ्या प्रत्येकाला ती चौथा घाली. भाव विचारला तर मात्र जाळी तीन गड्ड्यांचीच सांगे. हाग्योंगात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. फक्त तक्त्याला ठाऊक नव्हतं.

आणि इनजाने ते तक्त्याला कळू दिलं नव्हतं, ही खरी गोष्ट.

वसंतात छुनछनला सगळ्या शहरांच्या पाहणीवाल्या बायका जमल्या होत्या. तिथे वोंजूची एक जाडगेली बाई म्हणाली होती, "तोंडाने काय, कुणी काहीही सांगेल. मी पिशवी सरळ तराजूवर ठेवते. वरचं घातलं असलं तर तेही तोलते, त्यावरून भाव काढते, आणि वरचं परत देते. आपल्याला कुणाचं काही घ्यायला मनाई आहे ना!" सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. इनजानेही डोलावली होती. परत येताना बसमध्येच तिने मनाशी हिशेब मांडून पाहिला होता. चौथा धरला तर आजीचा कोबी तीन हजाराला पडत होता. प्रांतात सगळ्यात स्वस्त. पण तोलला असता तर परत द्यावा लागला असता. म्हणून तिने कधी तोललाच नाही.

एका कोबीच्या गड्ड्यासाठी! एखाद्याने लाखांसाठी इमान विकलं तर लोक निदान वर बघून शिव्या देतात. इनजाचं तसंही नव्हतं.

घरी नवरा तोकसू जाळीत डोकावला. "हे बरंय. सगळ्यात महाग गावात राहून सगळ्यात स्वस्त खातोय आपण."

"गप्प बसा."

"बरोबरच आहे. वोंजूच्या आणि आपल्या भावातलं अंतर गेलं कुठे? आपल्या बरणीत!" तो स्वतःच्या विनोदावर खोकेपर्यंत हसला. इनजाने कोबी चिरायला घेतला आणि सुरी फळीवर इतक्या जोरात आपटली की तो उठून बाहेर गेला.

संध्याकाळी मंडळाची सभा होती. अध्यक्षीण ग्वाकबाई. औषधाच्या दुकानाची मालकीण, बोलायला गोड आणि ऐकायला बहिरी. त्यांनी वर्तमानपत्राचं कात्रण सगळ्यांत फिरवलं.

"मला आजीबद्दल आदर आहे हं," त्या म्हणाल्या. आदर आहे असं आधी सांगितलं की पुढे गळा कापायचा असतो, हे इनजा जाणून होती. "पण देणगीदार विचारतात, बाई, आमचे पैसे सगळ्यात महाग बाजारात का घालता? वोंजूचा ट्रक तेहतीसशेने कोबी दारात आणून टाकतोय. आकडे काही माझे नाहीत. आपल्या इनजाचेच आहेत. काय गं इनजा?"

सगळ्यांनी वळून पाहिलं.

"आकडे बरोबर आहेत," ती म्हणाली. "पण आजी वरचं घालते ना. तीनला चौथा. धरला तर तीन हजारच पडतो."

"होय की, घालते," दोघीतिघी म्हणाल्या.

ग्वाकबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "मग तू ते लिहिलं का नाहीस? तुला देत नाही का ती?"

इथे खरं एका शब्दात संपलं असतं. देते. दर खेपेला देते आणि मी नेते. पण अंगावर जाकीट होतं. घरून निघताना ते तिने मुद्दाम चढवलं होतं, सभेत वजन पडावं म्हणून.

"आम्हाला घ्यायला मनाई असते," ती म्हणाली. "मी आपलं... ऐकलंय."

शेजारी बसलेल्या शिंपिणीने हे ऐकून खाली पाहिलं. तिचं दुकान आजीच्या गाळ्यासमोरच होतं. इनजाची जाळी तिने शंभरदा पाहिली असेल. ती बोलली असती तर इनजाला बरं वाटलं असतं.

"ऐकीव गोष्ट देणगीदारांना कशी सांगू?" ग्वाकबाई म्हणाल्या. "असं कर. आजीला म्हणावं, गड्डा तीन हजार अशी पाटी लाव. तू फोनमध्ये तो भाव बदल. उद्या दुपारपर्यंत झालं, तर माल आजीचाच. नाहीतर मी ट्रकवाल्याला फोन करते."

इनजाच्या छातीवरचा दगड निम्मा उतरला. कुणाला काही कळलं नव्हतं, आणि आजीचा मालही वाचत होता. इतकं स्वस्तात सुटता येईल असं तिला वाटलं नव्हतं. रात्री तिने जाकीट झटकून खुंटीला लावलं.

सकाळी तिने आजीला ही तोड सांगितली तेव्हा आजी गड्ड्यांची बाहेरची पानं काढत होती. हात थांबले नाहीत.

"तीन हजार लिही म्हणतेस."

"एक पाटीच तर लावायची, आजी. तुला तेवढेच पैसे मिळतात. चार गड्डे, बारा हजार. फरक काय?"

"मग वरचं?"

"वरचं त्यातच आलं ना."

आता आजीचे हात थांबले. "त्यात आलं तर वरचं कसलं गं? भाव बाजाराचा असतो. वरचं माझं असतं. कुणाला द्यायचं, किती द्यायचं, ते माझा हात ठरवतो. ते तुझ्या फोनात गेलं की उद्या येणारी बाई तीन हजारांवर आणखी वरचं मागेल, आणि मी नाही म्हटलं की मी चिकट ठरेन. साठ वर्षांत मला इथे कुणी चिकट म्हटलेलं नाही."

"पण माल जाईल, आजी! तीनशे गड्डे. ग्वाकबाई ट्रक मागवतील."

"मागवू दे. पाला वाळवीन, उरलेला गायींना जाईल." तिने मागच्या ताडपत्रीकडे पाहिलं नाही. "मला एवढं सांग. मंडळात बायकांना माहीत नव्हतं का, मी चौथा घालते ते? सगळ्या नेतात की माझ्याकडून."

"माहीत होतं. पण लिहिलेलं हवं म्हणाल्या."

"लिहिणारी तू. मग तू नाही सांगितलंस?"

इनजाने जाकिटाची चेन वर ओढली, खाली ओढली.

"सांगितलं. म्हणजे... ऐकलंय म्हणाले."

समोरच्या दुकानात शिंपिणीचं मशीन थांबलं. सुक्या मासळीवाल्याने थट्टेसाठी उघडलेलं तोंड मिटलं.

"ऐकलंस," आजी म्हणाली. ती मोठ्याने हसायला लागली आणि मध्येच थांबली. "माझ्या कोबीची किमची कचाकचा चावलीस, तेव्हा तो आवाज ऐकलास का गं?"

"मी आत्ता जाऊन सांगते, आजी. मी नेत होते म्हणून सांगते. जाकीट काढून घेतील, घेऊ देत."

"सांग की. जीभ तुझी. पण माझ्यासाठी सांगतेय असं म्हणू नकोस. काल जीभ कुठे होती?" आजीने हात फडक्याला पुसले. "कोबी हवाय तुला?"

नको म्हणायला हवं होतं. पण नको म्हणणं म्हणजे पळून जाणं झालं असतं, असं तिला वाटलं. तिने बारा हजार काढून दिले. आजीने ते एकेक नोट मोजून घेतले. आजवर तिने इनजाचे पैसे कधी मोजले नव्हते.

मग एक गड्डा, दुसरा, तिसरा. प्रत्येक चांगला टपोरा, एकालाही किडीचं भोक नाही. तिन्ही जाळीत गेले आणि आजी पुन्हा खाली बसून पानं काढायला लागली.

इनजा गेली नाही. तिला वाटलं आपण निघालो आहोत, पण पाय तिथेच होते, आणि दोन्ही हातांनी तिने जाळीचं तोंड तसंच उघडं धरून ठेवलं होतं. इतक्या वर्षांची हातांना सवय. हात आपले वाट बघत होते.

आजीने मान वर केली. त्या उघड्या जाळीकडे पाहिलं, मग हातांकडे.

"गाठ मार," ती म्हणाली. "झालं तुझं."