दुसरा गिअर

कमळाकरने आपली फोर-व्हील जीप कडाव गावातल्याच साईनाथला विकली, तेव्हा ती पार खिळखिळी झाली होती. साईनाथने तिला रंग दिला, टायर बदलले. आता ती चिखल तुडवत, कमळाकरच्या दारावरूनच वरच्या शेताकडे मिरवत जायची. तिचा आवाज आला की त्याच्या पोटात दुखायचं.

एकदा ती दारातच थांबली. साईनाथ म्हणाला, "दादा, चढाला दुसरा गिअर सुटतो. तुमी कसं चालवायचात?"

कमळाकर मनातून सुखावला. उपाय फक्त त्यालाच ठाऊक होता. जीपचं तेवढंच आता त्याचं उरलं होतं.

"गिअरबॉक्स गेला तुझा," तो म्हणाला.

"मंग नको बाबा. भंगारातच देतो."

"भंगारात? सरक रं तिकडं!"

कमळाकर तरातरा जाऊन स्टेअरिंगवर बसला आणि चढाला लागला. दुसरा गिअर टाकून त्याने डावा गुडघा दांड्याला टेकवून धरला. गिअर सुटला नाही.

"एवढंच हाय होय!" साईनाथ हसला.

दुसऱ्या दिवशी जीप झोकात चढ चढली. साईनाथने हात केला. ओट्यावरच्या कमळाकरने तोंड फिरवलं. त्याचा डावा गुडघा मात्र शेजारच्या खांबाला घट्ट रेटलेला होता.