केला, गाडी निघाली

रावसाहेबांना पाय नव्हते. कमरेपासून वर मात्र ते पूर्ण होते आणि वजनाला असे, की उचलणाऱ्याची कंबर शाबूत राहिली तर नशीब. चिंगी पाच वर्षांची, कायमचीच. सोनू दहा महिन्यांचा, रबरी, तोंडावर सदाचा कंटाळा. या तीन बाहुल्यांना चाकांच्या बॅगेत कोंबून बाई गेली अठरा वर्षं कारखाने, शाळा, पाळणाघरं पालथी घालत होत्या. घशात घास अडकला तर काय करायचं, हे शिकवणं त्यांचं काम. त्या दिवशी बिस्किटांच्या कारखान्यातल्या जेवणघरात चाळीस माणसांसमोर उभ्या होत्या खऱ्या, पण मनात एकच चाललं होतं, कुठेतरी टेकायला मिळावं.

"खोकतोय तर खोकू द्या," बाई सांगत होत्या. "पाणी पाजू नका. पण आवाजच फुटत नसेल, हात गळ्याशी गेला असेल, तर वाट बघायची नाही. पुढे वाकवा आणि मनगटाजवळच्या तळहाताने पाठीत, दोन खांद्यांच्या मधोमध, पाच दणके. नाही निघालं तर मागून मिठी मारा, मूठ बेंबीच्या जरा वर, आत आणि वरच्या बाजूला पाच झटके. मग पुन्हा दणके. चिंगीएवढ्या मुलालाही हेच, फक्त गुडघ्यावर बसून आणि जोर बेताचा."

"आणि तान्ह्याला?" भट्टीवरच्या एका बाईने विचारलं. "माझी सासू सरळ बोट घालायची घशात."

"सासूबाईंना माझा नमस्कार सांगा आणि बोट आवरायला सांगा. न दिसणारी वस्तू चाचपायला गेलं की आणखी आत जाते. वर्षाच्या आतल्या बाळाच्या पोटालाही हात लावायचा नाही. हातावर पालथं घ्या, डोकं खाली, पाठीवर पाच. मग उताणं करून छातीच्या मधोमध दोन बोटांनी पाच."

मग यायचा सगळ्यांच्या आवडीचा भाग. बाई रावसाहेबांना मिठी मारून सुनेकडे बोट दाखवायच्या आणि ओरडायच्या, "तू! फोन कर!" सून अंगठा कानाला आणि करंगळी तोंडाशी नेऊन तितक्याच जोरात म्हणायची, "केला! गाडी निघाली!" हशा पिकायचा, आणि लोकांच्या लक्षात राहायचं की मदतीला नुसतं ओरडायचं नसतं, एकाला नेमून सांगायचं असतं. हे बाईंनीच बसवलं होतं. आधीच्या दोन मदतनीस मुलीही तेच म्हणायच्या. मुलगा बोटीवर नोकरीला, सासऱ्यांना अर्धांगाचा झटका आला, बॅग उचलणारं कोणी उरलं नाही, तेव्हा सून तिचं दुकानातलं काम सोडून सोबत यायला लागली. त्याला दोन वर्षं झाली. ती ओळ आता तिच्या तोंडून आपोआप बाहेर पडायची.

बाईंचे यजमान शाळेत चित्रकला शिकवायचे, म्हणून सगळी दुनिया त्यांना मास्तर म्हणायची. चांगले होते तेव्हा तेही बाईंबरोबर यायचे आणि घास अडकलेल्या माणसाचं सोंग असं वठवायचे, की एकदा एका शिपायाने खरंच पाणी आणलं. आता त्यांचा उजवा हात लुळा होता, बोलणं जड झालं होतं आणि गिळणं बेभरवशाचं. डॉक्टरांचा हुकूम होता, जे द्याल ते किसून नाहीतर कुस्करून.

संध्याकाळी पाचला दोघी घरी पोचल्या. दिवसभर मास्तरांजवळ बसणारी शेजारीण चप्पल घालूनच उभी होती, ती गेली. सून न्हाणीघरात रावसाहेबांचं तोंड साबणाने धुवायला बसली. दिवसभर चाळीस जण त्यांच्या तोंडाला तोंड लावून श्वास द्यायला शिकायचे, तेव्हा ते रोज धुवावंच लागायचं.

"सफर...चंद," मास्तर म्हणाले.

किसणी सकाळच्या खरकट्या भांड्यांच्या ढिगात तळाशी होती. बाईंनी ढिगाकडे बघितलं. अंगात त्राण नव्हतं. त्यांनी एक पातळ फोड कापली, मास्तरांच्या डाव्या हातात दिली आणि म्हणाल्या, "हळू चावा हो." मग गुडघ्याची पट्टी सोडायला त्या वाकल्या. पट्टी निम्मी सुटली तेव्हा त्यांना जाणवलं की खुर्चीतून कसलाच आवाज येत नाहीये.

मास्तरांचे डोळे बाहेर आले होते. हे सोंग नव्हतं. बाईंनी त्यांना पुढे वाकवलं, पहिला दणका घातला आणि ओरडल्या, "फोन कर!"

"केला! गाडी निघाली!" न्हाणीघरातून उत्तर आलं आणि पाठोपाठ सून धावत आली.

बाईंना तेवढाच धीर आला. पाच दणके. मूठ बेंबीच्या वर, पाच झटके. पुन्हा पाच. मास्तरांचे ओठ निळे पडले. पुन्हा पाच झटके, आणि मास्तरांचं अंग त्यांच्या हातात सैल पडलं. त्या घटकेला, फक्त एक क्षण, बाईंना हायसं वाटलं. आता उभं राहायला नको. त्या क्षणाबद्दल त्या पुढे कोणाशीही बोलणार नव्हत्या.

दोघींनी मास्तरांना जमिनीवर आडवं केलं. बाई गुडघ्यांवर आपटल्याच आणि छाती दाबायला लागल्या. तीस झाले, तोंडात बघितलं, काही दिसेना. दोनदा श्वास फुंकला, तो आत जाईना. पुन्हा दाबता दाबता त्यांनी विचारलं, "किती वेळात येतो म्हणाले?"

बाईंनी मान वर केली. सून स्वतःच्या हाताकडे बघत होती. अंगठा आणि करंगळी अजून ताठ होती आणि तिच्या कानाला साबणाचा फेस लागला होता.

"आई," ती म्हणाली, "मी नुसतंच..."

"लाव!" बाई किंचाळल्या. "खरा लाव!"

सून पत्ता सांगत असताना बाईंचे दुसरे तीस पुरे झाले. या वेळी जिभेच्या मागे फोडीची पांढरी कड दिसली. दिसली म्हणूनच बोटांनी धरून काढली. मास्तरांनी श्वास घेतला. इतका खरखरीत आवाज बाईंनी कधी ऐकला नव्हता आणि इतका गोडही. गाडी अकरा मिनिटांनी आली.

दवाखान्यात तीन दिवस गेले. पोटाला झटके बसले होते म्हणून आतून काही फाटलंय का ते तपासलं, बरगड्या दुखावल्या होत्या, बाकी ठीक. सून बाहेरच्या बाकावर रडून रडून सुजली होती.

"आई, मला शिव्या तरी द्या."

"कशाला? ती ओळ तुला कोणी पढवली?" बाई म्हणाल्या. "आणि फोड कोणी दिली?" त्या तिच्याशेजारी बसल्या. बाईंनी ठरवलं होतं, बॅग आता माळ्यावर टाकायची.

तिसऱ्या दिवशी मास्तरांनी त्यांना जवळ बोलावलं. त्यांनी सगळं ऐकलं होतं, ते 'केला'सुद्धा.

"खरा... फोन लावा. शिकवताना."

"अहो, खऱ्या गाडीला खोटं बोलावतात का?"

"मला... लावा. मी घरीच... असतो."

महिन्याभराने पाळणाघरात आठ आया गोल बसल्या होत्या. बाईंनी सोनूला हातावर पालथं घातलं आणि एका तरुण आयेकडे बोट दाखवलं. "तू! फोन कर!"

तिने हसत अंगठा कानाला लावला. सुनेने तो हात खाली ओढला आणि त्यात खरा फोन ठेवला. घंटी खूप वेळ वाजत राहिली.

"पत्ता... सांगा," फोनमधून जड आवाज आला.

"ते... चौकातून आत वळलं की..."

"कोणता... चौक?"

आया गोंधळली. चार वर्षं ती तिथे कामाला होती आणि तिला इमारतीचं नाव सांगता येईना. हसणं थांबलं. सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या.

"श्वास... चालू आहे का?" आवाजाने विचारलं.

आयेने सोनूकडे बघितलं, मग बाईंकडे. बाईंच्या हातातला सोनू तसाच लोंबकळत होता.

"श्वास चालू... आहे का?"

बाईंना वर्गात बसायची सवय नव्हती. त्या मुलांच्या एका बुटक्या खुर्चीत बसल्या आणि फोन आपल्या हातात घेतला.

"चालू आहे हो," त्या म्हणाल्या. "तुम्ही बोलत राहा."