टोपीतलं बटण

सॅमन जाळ्यात शिरतो तेव्हा बोटांवर धरलेल्या दोऱ्याला अगदी बारीक हिसका बसतो. छातीपर्यंत गार पाणी, गढूळपणामुळे डोळ्यांना काहीच दिसत नाही. कळतं ते त्या दोऱ्यातूनच. त्याच क्षणी जाळ्याची चौकट उचलायची. जरा उशीर झाला की मासा वळून निघून जातो.

या हंगामात बाबांच्या जाळ्यातून मासे असेच निघून जात होते. पाण्यातल्या रांगेत मी त्यांच्या शेजारी असले की मासा शिरताना त्यांच्या जाळ्याचा दांडा थरथरलेला मला दिसायचा. ते मात्र तसेच उभे. बोटं बधिर झाल्याचं त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. शर्टाची बटणं आई लावून द्यायची, त्यावरूनच काय ते कळायचं. एवढा हंगाम होऊ दे, मग बघू, हे त्यांचं दरवर्षीचं.

स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरच्या आमच्या सॉल्वेच्या खाडीत कोण कुठे उभं राहणार ते टोपी ठरवते. प्रत्येकाने आपली खूण टोपीत टाकायची आणि आमच्या रांगेतल्या वॉटीने पाठमोरं उभं राहून एकेक काढायची. पहिली निघेल तो काठाशी, शेवटची निघेल तो खोलात. तिथे मासे जास्त आणि पाण्याची ओढही जास्त. आम्हा सगळ्यांचे खडे, बाबांचं मात्र आजोबांच्या कोटाचं पितळी बटण.

ऑगस्ट लागला तसं ते बटण रोज पहिलं निघू लागलं. मी वॉटीला गाठून विचारलं. त्याला जाळं धरायला बाबांनीच शिकवलेलं. तो म्हणाला, काकांचे पाय खोलात सरकतात, म्हणून मी बटण चाचपून आधी काढतो, तू घरी त्यांच्याशी बोल म्हणजे मी हे थांबवतो. मी बोलले नाही. रोज घरी येईपर्यंत इतकं दमायला व्हायचं की उद्यावर टाकणं सोपं वाटायचं.

त्या सकाळी बटण पुन्हा पहिलं निघालं. बाबांनी ते घेतलं नाही.

“नशीब माझ्यावर एवढं मेहेरबान कधीपासून झालं रे, वॉटी?”

“तुमच्या पांढऱ्या केसांकडे बघून झालं असेल, काका.”

कुणीतरी हसलं. बाबांनी सगळ्या खुणा परत टोपीत टाकायला लावल्या. आज मी काढणार, म्हणाले.

मी त्यांच्या पाठीमागे टोपी धरली. त्यांना खोलातली जागा हवी होती. म्हणजे बटण शेवटपर्यंत आत राहायला हवं. हात मागे घेऊन ते बराच वेळ चाचपत राहिले. मग एक खूण काढून त्यांनी न बघताच खांद्यावरून आमच्याकडे धरली.

“कुणाचा खडा?”

वॉटी वाळूकडे बघत होता.

“तुमचं बटण आहे, बाबा,” मी म्हणाले.

त्यांनी हात पुढे घेऊन पाहिलं. अंगठा बटणाच्या कडेवरून दोनदा फिरवला. पाणी चढायला लागलं होतं, पण कुणी जागचं हललं नाही. त्यांनी बटण खिशात टाकलं आणि जाळ्याचा दांडा माझ्या खांद्याला टेकवला.

“आजपासून रांगेत मी नाही,” बाबा म्हणाले.