वाळेपर्यंत हात लावायचा नाही

मित्रांनो, माणसांचे दात पाडले तर भांडण होते, आमचे दात पाडतात तेव्हा आमचा जन्म होतो. मी मोठ्या दातांचा लाकडी कंगवा आहे. एका फळीतून माझ्यासारखे चाळीस निघाले. करवतीने आमचे अठरा-अठरा दात पाडले, खरकागदाने कडा घासल्या, तेलात बुडवून काढले आणि दुकानात पाठवून दिले. आज माझे सतरा दात उरले आहेत आणि तब्येत वयाच्या मानाने बरी आहे.

एका आईने मला तिच्या मुलीसाठी विकत घेतले. मुलगी तेव्हा चार वर्षांची होती आणि तिचे केस जन्मापासून पिंजारलेले. बारीक दातांचे दोन कंगवे त्या केसांत धारातीर्थी पडले होते. आईचा हात हलका होता. ती केस ओले असतानाच मला आधी टोकांतून फिरवी, मग हळूहळू वर नेई, आणि दोन घट्ट वेण्या घालून मोकळी होई. "हा कंगवा नसता तर मी हात टेकले असते," असे ती एकदा शेजारणीला म्हणाली. आयुष्यात मला मिळालेली शाबासकी एवढीच. मी ती जपून ठेवली आहे.

मुलगी दहा वर्षांची असताना आई दवाखान्यात गेली आणि परत आली नाही. मित्रांनो, इथे मी रडलो असे लिहायची पद्धत आहे. मी रडलो नाही. लाकडाला काही होत नाही. नवल हे की मुलगीही रडली नाही. घरी माणसे येऊन गेली, बाबा दारात उभे राहून सगळ्यांना हात जोडत होते, आणि ती कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून मोजे घालत होती, काढत होती, पुन्हा घालत होती. त्यानंतर ती विचारलेल्या प्रश्नाला "हो" किंवा "नाही" म्हणे. तेवढेच.

"पोरीच्या केसालाही धक्का लागू देणार नाही," असे बाबांनी त्यांच्या थोरल्या बहिणीला फोनवर सांगितले, आणि पुढच्याच आठवड्यात ते मुलीला स्वतःच्या न्हाव्याकडे घेऊन गेले. त्यांना वेण्या घालता येत नव्हत्या, म्हणून केस मानेपर्यंत कापून टाकले. लांब केस निदान आपल्या वजनाने खाली राहत. वजन गेले आणि सगळे केस वर उठले. वर्गातल्या मुलांनी तिचे नाव 'बाटलीचा ब्रश' ठेवले. तिने ते घरी सांगितले नाही.

बाबा कष्टाळू माणूस. रोज सकाळी ते खरखरीत टॉवेलने तिचे डोके खसाखसा पुसत आणि मग कोरड्या केसांतून मला ओढत. जितके विंचरावे तितके केस फुलत, आणि जितके फुलत तितके ते जोराने विंचरत. एका सकाळी माझा एक दात तुटून तिच्या केसांत अडकून राहिला. दुखले असणारच. ती काही बोलली नाही. बाबांनी दात काढून खिशात टाकला आणि पुन्हा विंचरू लागले. त्या घरात तेव्हा कुणालाच काही लागत नव्हते, मलाही नाही.

मग आत्याने व्हिडिओ कॉलवर मुलीला पाहिले आणि कपाळाला हात लावला.

"अरे, पोरीची काय दशा केलीस? केस आवरता येत नाहीत तुला, तिला काय वाढवणार? पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी येते मी. असंच चाललं असेल तर तिला घेऊन जाईन. शाळा काय, इकडेही आहे."

बाबा म्हणाले, "बघू, ताई." त्या 'बघू'त निम्मा होकार होता, कारण आपल्याला हे जमत नाही असे त्यांना स्वतःलाच वाटू लागले होते. मुलगी दाराआड उभी राहून ऐकत होती. दुसऱ्या दिवसापासून तिने मला दप्तरात ठेवले. शाळेच्या स्वच्छतागृहात, आरशासमोर, पाण्याविना, ती मला डोक्यावरून फिरवत राही. घर सोडावे लागू नये म्हणून ती असे करत होती, आणि त्याने केस आणखीच बिघडत होते. मला हे कळत होते. सांगणार कसे?

बाबा एका लॉन्ड्रीत कामाला होते. लोकरीचे कपडे धुण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. एका शनिवारी दुपारी मुलगी तिथे स्टुलावर बसली होती आणि मी तिच्या दप्तरातून डोकावत होतो. एक बाई कातावलेल्या चेहऱ्याने आत आल्या आणि त्यांनी एक स्वेटर काउंटरवर ठेवला. त्याचे सगळे धागे उठले होते.

बाबांनी तो उलटून पाहिला. "घासलात ना?"

"मळका होता हो."

"ओल्या लोकरीला घासायचं नसतं, पिळायचं नसतं. मऊ सुती कापडात धरून नुसतं दाबायचं, पाणी टिपून घ्यायचं. हातानं आकार द्यायचा आणि पसरून ठेवायचा. वाळेपर्यंत हात लावायचा नाही. लोकरीशी भांडून कुणी जिंकत नाही, बाई."

बाई गेल्या. स्टुलावरून आवाज आला.

"बाबा, मग माझं डोकं का घासता?"

चार महिन्यांत तिने आपणहून बोललेले ते पहिले वाक्य. बाबांनी इस्त्री उभी करून ठेवली आणि तिच्या डोक्याकडे असे पाहिले की जणू ते आत्ताच कुणी काउंटरवर आणून ठेवले आहे. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

"चुकलं माझं," ते म्हणाले.

त्या संध्याकाळी तिने केस धुतले. ओले असतानाच थोडे कंडिशनर लावून मला एकदाच, टोकांकडून वर, फिरवले. टॉवेल खुंटीवरच राहिला. बाबांनी आपली जुनी, धुऊन धुऊन मऊ झालेली बनियन घेतली, केस तिच्यात धरून दाबले आणि पाणी टिपले. मग मुलीने मान खाली घालून केसांचा एकेक पुंजका तळहातावर घेतला, मूठ वर नेत हलकेच दाबला आणि सोडून दिला. पाच मिनिटांत सगळे आटोपले. आता फक्त थांबायचे होते, आणि तिथेच बाबांच्या नाकी नऊ आले. "वाळले का गं?" म्हणत ते दर थोड्या वेळाने डाव्या बाजूला चाचपून बघत. परिणामी उजवीकडे सुरेख लाटा आल्या आणि डावीकडे झुडूप. मुलीने आरशात पाहिले आणि तिच्या नाकातून जरासे हसू निसटले. पुढच्या वेळेपासून बाबा मांड्यांखाली हात दाबून बसू लागले. उशीवर त्यांनी कोटाच्या अस्तराचा गुळगुळीत तुकडा घातला, म्हणजे रात्रीतून केस घासले जाऊ नयेत. सकाळी ओला हात फिरवायचा, मुठीने दोनदा दाबायचे, की शाळा. मला आठवड्यातून दोनदाच काम उरले.

ठरलेल्या रविवारी आत्या आली, सोबत एक रिकामी बॅग घेऊन. मुलगी नुकतीच न्हाऊन खिडकीशी बसली होती. आत्याने टेबलावरून मला उचलले.

"ये बाळ, विंचरून देते. मग तुझे कपडे भरू."

मुलीने तिचे मनगट धरले. "आत्या, वाळेपर्यंत हात लावायचा नाही."

"कुणी सांगितलं?"

"बाबांनी."

आत्याने मला खाली ठेवले. तासभर तिघे बसून राहिले. केस वाळले तेव्हा मानेभोवती सैल, मऊ लाटा होत्या. आत्याने एक लट बोटावर घेतली. "ह्याच्यासाठी मी सलूनमध्ये अर्धा दिवस घालवते," ती म्हणाली. "काय केलंस रे?"

"करायचं काही नसतं, ताई. तेच जमत नव्हतं मला."

आत्या मुलीजवळ बसली. "छान दिसतेस. पण केस म्हणजे सगळं नव्हे. येतेस ना माझ्याकडे?"

"नाही. तू मायेनं बोलावतेस ते कळतं मला. पण मला बाबांजवळ राहायचंय."

बाबा खाली पाहत होते. आत्याने पदराने नाक पुसले, रिकामी बॅग घडी करून काखेत धरली आणि सुट्टीत दोघांनी यायचे असे कबूल करून घेऊन ती गेली.

दार बंद झाले आणि मुलगी रडू लागली. आईला दवाखान्यात नेले तेव्हाचे, खुर्चीवरचे, शाळेतले, सगळे रडू तिला तेव्हा आले. "मला आई पाहिजे," ती म्हणत होती. डोळे पुसायला बाबांचा हात उठला, 'रडू नकोस' ओठांवर आले, आणि दोन्ही निम्म्यातून मागे गेले. ते तिच्या शेजारी जमिनीवर बसले आणि तिचे रडून होईपर्यंत तिथून हलले नाहीत. तेही रडले असावेत. मी टेबलावर उताणा होतो, मला छतच दिसत होते. पण मला वाईट वाटले, मित्रांनो. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा वाटले.

जुन्या वस्तू 'आम्हाला विसरू नका' म्हणून विनवतात. माझे मागणे उलटे आहे. मला कमी वापरा. केस ओले असताना, टोकांकडून वर, एकदा, आणि मग ठेवून द्या. आणि तुमच्या घरात कुणी गप्प झाले असेल, तर त्याला घाईघाईने नीटनेटके करायला जाऊ नका. जवळ जाऊन बसा.