सहीच्या आधी

अंबडच्या त्या वायरिंगच्या कारखान्यात जेवणाची सुट्टी संपली, पण छाया गांगुर्डेचं चित्त काही केल्या हातातल्या वायरीवर ठरेना. युनियनचा चिटणीस अमोल तोंडाचा जरा सैल. ताक पिता पिता तो तिला सांगून बसला होता, "उद्या करार होतोय ताई. लाईनचा वेग वाढणार, पण पगारवाढ बरी आहे. अण्णांनी जमवलंय." आपण काय बोलून बसलो हे ध्यानात आल्यावर मात्र तो ताट तसंच टाकून उठला.

लाईनचा वेग वाढणार! आत्ताच घाम पुसायला सवड मिळत नव्हती. मोटारींच्या वायरींचे जुडगे पट्ट्यावरून सरकत यायचे, ज्याने त्याने आपली वायर बसवून पुढे सोडायचं. एकाचा हात मागे पडला की पुढच्या सगळ्यांची ओढाताण. छायाच्या शेजारी काम करणाऱ्या फुलाबाईंची बोटं घरी गेल्यावर सरळ होत नव्हती.

जुना करार संपून वर्ष उलटलं होतं. कुणी विचारलं की युनियनचे अध्यक्ष रंगनाथअण्णा एवढंच म्हणायचे, "बोलणी चालू आहेत. विश्वास ठेवा." लोकांनी ठेवलाही. ही युनियन अण्णांनीच उपोषणाला बसून उभी केली होती. पण कशाची बोलणी, काय मागितलं, काय सोडलं, याचा पत्ता कुणालाच नव्हता.

छायाने फुलाबाईंच्या कानावर घातलं. फुलाबाईंनी पुढचीला सांगितलं. पाळी सुटेपर्यंत सगळ्या कारखान्यात बातमी झाली होती. गेटबाहेर कंपनीच्या बस उभ्या होत्या, पण चढेना कुणीच. दुपारच्या पाळीचे लोकही आत जायचे थांबले. ड्रायव्हर हॉर्न वाजवून कंटाळले.

शेवटी अण्णा आले आणि वॉचमनच्या स्टुलावर चढले.

"कामगार बंधू-भगिनींनो, चांगला करार होतोय. तपशील सही झाल्यावर सांगेन. घरी जा."

एरवी इथे घोषणा व्हायच्या. आज टाळीसुद्धा पडली नाही.

 सभेत छाया कधी बोलली नव्हती. तरी तिचे पाय पुढे पडले.

"अण्णा, सही झाल्यावर सांगून काय उपयोग? लाईन किती पळणार ते आज सांगा."

"प्रत्येक गोष्ट गेटवर बोलायची नसते, ताई."

"मग कुठे बोलायची? आम्हाला तर गेटच आहे."

गर्दीत खसखस पिकली. छाया मागे वळली. "सहीच्या आधी ज्यांना ऐकायचंय त्यांनी हात वर करा."

आधी फुलाबाईंचा हात वर गेला. मग बघता बघता दोन्ही पाळ्यांचे हात वर गेले. अण्णांचा चेहरा लाल झाला.

"एवढं कळतं तर ये उद्या बोलणीला."

"येते," छाया म्हणाली. म्हणून झाल्यावर तिचं तिलाच नवल वाटलं.

दुसऱ्या दिवशी ती मॅनेजर देशमानेंच्या समोर बसली. एका बाजूला अण्णा, दुसऱ्या बाजूला अमोल. करार टाईप होऊन तयार होता. छायाने वेगाची गोष्ट काढली तसे देशमाने तिच्याकडे न बघता अण्णांना म्हणाले, "तुम्हाला सांगितलंय ना? सही लांबली तर नवीन ऑर्डर गुजरातच्या प्लांटला जाईल. मग इथली एक लाईन बंद."

छायाने अण्णांकडे पाहिलं. त्यांनी मान खाली घातली होती. हे ओझं माणूस किती दिवस एकटा वाहत होता कोण जाणे. तिचा राग ओसरला नाही, पण त्याला वेगळं वळण लागलं.

"अण्णा, हे आम्हाला का नाही सांगितलंत?" तिने हळूच विचारलं.

"घाबरला असता तुम्ही."

"मग तुम्ही एकटेच घाबरलात, त्याने काय साधलं?"

 देशमानेंनी पेन पुढे सरकवलं. "अध्यक्षांना सहीचा अधिकार आहे. इतरांचा प्रश्न येत नाही."

अण्णांनी पेन उचललं.  त्याला टोपण लावलं आणि ते परत टेबलावर ठेवलं.

"अधिकार आहे, साहेब. म्हणूनच सांगतो, लोकांना विचारल्याशिवाय सही करणार नाही."

पाळी बदलताना गेटवर पुन्हा गर्दी जमली. या वेळी अण्णांनी सगळं सांगितलं, लाईन बंद पडण्याच्या धमकीसकट.  मग जो तो बोलायला लागला. कुणी म्हणे संप करा, कुणी म्हणे पोटावर पाय येईल. दुपारच्या पाळीचा गोरक्ष ओरडला, "धमकीला भ्यायचं नाही."

"आरं, नोकरी गेली मंग?" फुलाबाई म्हणाल्या. "पर ह्या वेगानं माझे हात तर आधीच कामातून चाललेत. काम वाढवता तर माणसं वाढवा म्हणावं."

ते सगळ्यांना पटलं. पगारवाढ थोडी कमी झाली तरी चालेल, पण वाढीव माणसांशिवाय वेग वाढणार नाही. हात वर करून तसं ठरलं, आणि अण्णा, छाया आणि अमोल तसेच आत गेले.

देशमाने आधी नाही म्हणाले. मग फोन करायला बाहेर गेले. अमोल नखं खात होता. छाया खिडकीतून गेटकडे बघत राहिली. अजूनही कुणी हललं नव्हतं.

देशमाने परत आले ते कपाळाला आठ्या घालूनच. प्रत्येक लाईनवर जादा माणसं मिळणार होती, तीही पॅकिंगला कंत्राटावर राबणाऱ्या जुन्या लोकांना लाईनवर आणून, कायम करून. वेग वाढणार होता, पण कंपनीने मागितला होता त्याच्या निम्मा. पगारवाढ मात्र त्यांनी खरंच कापली.

गेटवर अण्णा स्टुलावर चढायला निघाले आणि थांबले. "छाया, तू वाच."

छाया स्टुलावर चढली. तिने नव्या कराराचा कागद उघडला आणि तिचा आवाज शेवटच्या बसपर्यंत पोचला. पगाराच्या कलमाला काहीजण कुरकुरले. माणसांचं कलम आलं तेव्हा कंत्राटातल्या पोरी एकमेकींच्या गळ्यात पडल्या.

"मंजूर असेल तर हात वर करा," अण्णा म्हणाले.

हातच हात वर झाले. गोरक्षने दोन्ही वर केले.

"एकच धर रे," अमोल म्हणाला, "मोजायचेत."